कलामेळ्यात चित्रे पाहायला येणाऱ्यांचीही बातमी व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महालक्ष्मी रेसकोर्सवर भरलेल्या ‘आर्ट मुंबई’ या कलामेळ्याचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले आणि त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. वृत्त छापल्याबद्दल प्रथम आभार मानते, कारण मराठी दैनिकात चित्रकलेला जागा मिळणे ही आता सहज घडणारी गोष्ट राहिलेली नाही. मात्र त्या वृत्तात कोट्यवधींच्या किमती होत्या, हजेरी लावलेल्या नामवंतांची यादी होती, त्यांच्या पोशाखांचे वर्णनही होते. चित्रे कशी होती आणि ती पाहायला कोण आले होते, याविषयी एक वाक्यही नव्हते. त्याच मेळ्यात शनिवारची संध्याकाळ मी एका जुन्या सहकारी बाईंबरोबर घालवली. आम्ही दोघी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या. तेथील एकही चित्र विकत घेण्याची आमची ऐपत नाही आणि तसा विचार मनात घेऊन आम्ही गेलोही नव्हतो. आमच्या आजूबाजूच्या गर्दीतील बहुतेक माणसे आमच्यासारखीच होती, असे मी म्हणते ते केवळ चेहरे पाहून नव्हे.

अशा मेळ्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आरंभीचा वेळ निमंत्रितांसाठी राखून ठेवलेला असतो. संग्राहक, त्यांचे सल्लागार आणि संग्रहालयांचे लोक तेव्हा येऊन जातात. मोठे व्यवहार त्या वेळात, किंवा त्याही आधी चित्रविक्रीची दालने (गॅलऱ्या) चालवणाऱ्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून, बरेचसे ठरून जातात. त्यानंतर तिकीट काढून जे आत येतात, त्यांतून काही जण लहानसहान खरेदी करतातही. पण शनिवारी संध्याकाळी त्या मांडवात दाटीवाटीने फिरणारा माणूस मुख्यतः पाहायला आलेला असतो. तो सहनिवासातून, चाळीतून, वसतिगृहातून लोकलने महालक्ष्मी स्टेशनवर उतरतो, धोबीघाटाजवळच्या पुलावरून चालत येतो आणि दोन-तीन तास उभ्याने चित्रे पाहतो. या माणसाची बातमी कोणीही करत नाही, आणि मेळ्याच्या हिशेबात तो धरला जातो तो फक्त उपस्थितीचा आकडा फुगवण्यापुरता. माझे सगळे म्हणणे त्याच्याविषयी आहे.

मेळा हा बाजार आहे, हे मला मान्य आहे आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. दिल्लीत 2008 साली प्रगती मैदानावर ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने असा मेळा सुरू झाला, तोच पुढे ‘इंडिया आर्ट फेअर’ म्हणून नावारूपाला आला. मुंबईला स्वतःचा मेळा मिळायला 2023 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. ज्या शहरात जे. जे. कलाशाळा 1857 पासून आहे आणि बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून, त्या शहराने इतका उशीर करावा याचेच नवल वाटते. कोचीला 2012 पासून जे द्वैवार्षिक प्रदर्शन भरते, ते वेगळ्या जातीचे. तेथे विक्री नसते, म्हणून कलावंताला अख्खे गोदाम भरून काहीही मांडता येते. (ते उभे करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही जे. जे.मध्ये शिकलेले, हे येथे नोंदवायला हरकत नाही.) मेळ्यात मात्र दालनवाल्याने जागेचे भाडे भरलेले असते, वाहतूक, विमा, माणसांचे पगार, मुक्काम हा खर्च त्याला चार दिवसांत वसूल करायचा असतो. त्यामुळे कोणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंतीवर बसतील अशा मापाची आणि पटकन नजर वेधून घेतील अशा रंगांची चित्रे अधिक दिसतात. अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटे बसून पाहायच्या चित्रफिती किंवा कागदपत्रांवर आधारलेली संथ कामे कमी दिसतात. आमच्या बाई तर अर्ध्या तासात म्हणाल्या की, इतका सोनेरी वर्ख त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एका ठिकाणी पाहिला नव्हता. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते.

तरीही त्या संध्याकाळी जे पाहायला मिळाले ते मुंबईत एरवी एका छताखाली पाहायला मिळत नाही. एका दालनात वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र होते. गायतोंडे नागपूरला 1924 मध्ये जन्मले, गिरगावात वाढले, 1948 मध्ये जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात दिल्लीत निजामुद्दीनला राहून वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत राहिले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा आपल्याकडे त्यांचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले. शाळेत असताना मी मुलांना त्यांची चित्रे छापील पानांवरून दाखवत असे, आणि मुले विनयाने गप्प बसत. छपाईत ते चित्र म्हणजे एका रंगाचा चौकोन आणि त्यावर काही डाग, एवढेच उरते. प्रत्यक्षात हातभर अंतरावर उभे राहिले की कळते की त्या एका रंगाच्या खाली पाच-सहा रंग आहेत. कुंचला बाजूला ठेवून त्यांनी रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवले, ओल्या रंगावर कागदाचे तुकडे टेकवून रंग पुन्हा उचलून घेतला, आणि जे आकार वर तरंगताना दिसतात त्यांतले काही खरे तर रंग काढून घेतल्यामुळे उरलेले आहेत. डोळा त्यात हळूहळू उतरतो, आणि त्याला वेळ लागतो. त्या चित्रासमोर आमच्या शेजारी दोन तरुण उभे होते, बहुधा अभियांत्रिकीचे विद्यार्थी असावेत. एकाने दुसऱ्याला विचारले, “यात काय आहे?” दुसरा म्हणाला, “थांब जरा, दिसतंय.” ते दोघे तेथून बराच वेळ हलले नाहीत. मागच्यांना जागा देण्यासाठी आम्हालाच सरकावे लागले, कारण दालनाची खोली लहान होती आणि बसायला जवळपास बाकडे नव्हते.

हे चित्र उद्या कोणाच्या तरी घरी जाईल, किंवा करारपत्रासह एखाद्या हवा-नियंत्रित गोदामात जाईल, आणि त्या दोन मुलांना ते पुन्हा कधी दिसेल याची काही खात्री नाही. माझ्या मते मेळ्याविषयीचा खरा प्रश्न हा आहे. जे काम सार्वजनिक संग्रहालयाने वर्षभर करायचे, ते मुंबईत एक व्यापारी मेळा चार दिवस करतो, आणि लोक त्यासाठी तिकीट काढून रांगेत उभे राहतात.

मुंबईत संग्रहालये नाहीत असे नाही. सर कावसजी जहांगीर सभागृहाचे रूपांतर होऊन 1996 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय येथे सुरू झाले, आणि त्याने काही फार चांगली प्रदर्शने दिली. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे आणि सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचे अशी दोन मोठी सिंहावलोकने 2019 या एकाच वर्षात तेथे सुरू झाली होती. पण तेथील प्रदर्शने बदलत राहतात. महाराष्ट्राच्या आधुनिक चित्रकलेचा प्रवास चित्रकार म. वि. धुरंधरांपासून आजपर्यंत क्रमाने लावलेला आहे आणि कोणत्याही रविवारी जाऊन तो पाहता येतो, अशी कायमची जागा या शहरात नाही. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचे दालन आपापल्या परीने बरेच करतात, पण त्यांच्याही जागेला मर्यादा आहेत. जे. जे.च्या स्वतःच्या संग्रहात पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची कामे आहेत आणि ती सर्वसामान्य माणसाला सहसा पाहायला मिळत नाहीत.

या संदर्भात मला औंधची आठवण होते. सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा संस्थानाच्या अधिपतींनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 1938 मध्ये टेकडीवर संग्रहालय उभारले. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने तेथे राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे ठेवली, युरोपातील गाजलेल्या चित्रांच्या प्रती करवून आणल्या, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व बालकाचे एक पाषाणशिल्पही मिळवले. यमाईच्या दर्शनाला आलेला शेतकरी ते शिल्प आजही पाहू शकतो. एका छोट्या संस्थानाला जे जमले ते राज्याच्या राजधानीला का जमू नये, असा प्रश्न आपल्यासारख्या दैनिकाने सांस्कृतिक कार्य विभागाला विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागेल. माझ्यासारखीने अर्ज केला तर त्याची पोचही येणार नाही.

किमतींच्या बातम्यांविषयीही थोडे लिहायचे आहे. एम. एफ. हुसेन यांचे 1954 चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 37 लाख डॉलरहून अधिक किमतीला, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपयांना गेले, तेव्हा आपल्याकडे सगळीकडे तो आकडा छापून आला. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाचे हे चित्र, त्याचा आकडा छापावा हे साहजिकच आहे. पण त्या चित्राची हकिगत आकड्यापेक्षा कितीतरी अधिक वाचनीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरने ते त्या वेळी विकत घेतले, नॉर्वेला नेले आणि 1964 मध्ये ओस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकले. तेथे ते कित्येक दशके भिंतीवर होते आणि जगातील चित्रव्यवहाराला त्याचा पत्ताही नव्हता. सुमारे चौदा फूट लांबीच्या त्या कॅनव्हासवर तेरा प्रसंग आहेत: बैलगाडी आहे, गावातल्या बायका आहेत, एका चौकटीत शेतकरी आहे. त्या प्रसंगांपैकी एकाचे तरी वर्णन मराठी वाचकाला मिळाले का, हे मला कोणी सांगावे.

आणि किमतीच द्यायच्या असतील तर त्यांच्यासंबंधी विचारण्याजोगे प्रश्न विचारावेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने 53अ हे कलम घातले गेले. दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाली तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याचा हक्क त्या कलमाने दिला आहे. प्रत्यक्षात तो कोणाच्या पदरात पडल्याचे क्वचितच ऐकू येते. मेळ्यात भेटलेल्या संग्राहकाला पेहरावाविषयी विचारण्याऐवजी याविषयी विचारले असते, तर ते वृत्त मी कापून ठेवले असते.

वृत्तपत्र काय करू शकते याचे उदाहरण याच शहरात आहे. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा तरुण कलावंतांचा गट स्थापन केला, तेव्हा त्यांना विकत घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. युरोपातून येथे आश्रयाला आलेले रूडॉल्फ फॉन लायडन हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त चित्रसमीक्षा लिहीत आणि वॉल्टर लँगहॅमर त्याच वृत्तपत्राचे कलादिग्दर्शक होते. या दोघांनी आणि संग्राहक एमॅन्युएल श्लेसिंजर यांनी या तरुणांची चित्रे पाहिली, त्यांच्याविषयी बोलले, लिहिले, इतरांना दाखवली. रेसकोर्सपासून फार लांब नसलेल्या वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या बंगल्यात पुढे गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता काम करत असत. तो बंगला आज उरलेला नाही. पण त्या लिखाणातून जो वाचक घडला, त्याचीच नातवंडे आज मेळ्यात तिकीट काढून येत असतील असे मानायला जागा आहे. तो वाचक इंग्रजी वाचणारा होता, हे मात्र खरे. मराठीत चित्रांविषयी जाणकारीने लिहिणारे होऊन गेले, आजही आहेत, पण त्यांना दैनिकात साप्ताहिक जागा मिळत नाही.

मराठी वाचकाला चित्रकलेत रस नाही, असे जर संपादकीय विभागात कोणी म्हणत असेल, तर त्याला शासनाच्या रेखाकला परीक्षांची आठवण करून द्यावी. दरवर्षी लाखो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. पोस्टर कलरच्या बाटल्या आणि दोन नंबरचा ब्रश आणायला धावलेला पालक प्रत्येक गल्लीत सापडतो. माझे पालकांशी याच विषयावर नेहमी वाद होत, कारण पुष्कळांना इंटरमिजिएटचा अर्थ दहावीला मिळणारे वाढीव गुण एवढाच होता. दोष सर्वस्वी त्यांचा नव्हता. मुलाने रंगवायला शिकावे अशी व्यवस्था आपण केली, पण मोठ्या चित्रकाराचे खरे चित्र डोळ्यांसमोर यावे अशी केली नाही. पुण्या-मुंबईबाहेरच्या मुलांच्या बाबतीत तर तसा विचारही कोणी केला नाही. अपवाद सांगायचा तर, अनेक वर्षे ठाण्यात रेडिऑलॉजिस्टचा व्यवसाय करता करता उपनगरांतली माणसे रंगवणाऱ्या सुधीर पटवर्धन यांनी 2008 च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्राच्या अनेक शहरांतून नेले होते. दालनवाल्यांची आणि कलावंतांची मनापासून साथ असेल तर मूळ चित्रे गावोगाव नेता येतात, हे त्यावरून दिसले. पुढे ते चालू राहिले नाही.

मेळ्याच्या आयोजकांकडे माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. शुक्रवारची सकाळ रेखाकला परीक्षांना बसलेल्या शाळकरी मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी विनामूल्य ठेवावी. खरेदीदार त्या वेळी तसेही कमी असतात. प्रत्येक मांडवात चार-सहा बाकडी ठेवावीत. माझ्या वयाच्या माणसाला दोन तासांनंतर चित्राऐवजी खुर्ची शोधावी लागते, आणि जी बसायची जागा असते ती खाण्याच्या ठिकाणी असते. चित्राखालच्या पट्टीवर नाव, वर्ष आणि माध्यम यांबरोबर दोन ओळी मराठीतही असाव्यात. एका दालनातील मुलीने आमचा अवतार पाहूनही, आम्ही काही घेणार नाही हे उघड असतानाही, एका विणकामासारख्या दिसणाऱ्या कामाविषयी पंधरा मिनिटे मराठीत समजावून सांगितले: धागा कोठला, रंग कसा बसवला, कलावंताला हे काम करायला किती महिने लागले. तिचे मालक दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होते आणि तिने एकदाही तिकडे पाहिले नाही. दुसऱ्या एका दालनात आम्ही किंमत विचारली, कारण पट्टीवर किंमत लिहिण्याची रीत नसते. तेव्हा उत्तराऐवजी आम्हालाच विचारण्यात आले की आपण संग्राहक आहात का. दोन्ही अनुभव एकाच तासातले आहेत. जहांगीर कलादालनात 1952 पासून कोणीही फुकट आत जातो, चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि किंमत विचारली तर सांगतो. मुंबईकराला ती सवय आहे, म्हणून हे अधिक जाणवले.

आपल्याकडे मात्र माझी अपेक्षा थोडी मोठी आहे. पुढच्या नोव्हेंबरात या मेळ्याला प्रतिनिधी पाठवाल तेव्हा त्यांना निमंत्रितांच्या दिवशी पाठवू नका. शनिवारी संध्याकाळी पाठवा, तिकीट काढून, लोकलने. छायाचित्रकाराला नामवंतांऐवजी चित्रे आणि ती पाहणारी माणसे टिपायला सांगा. आणि त्या वृत्तात निदान तीन चित्रांविषयी सविस्तर लिहिलेले असू द्या: ती कोणी केली, कशी केली, आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांत काय दिसले.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
डोंबिवली